नव्वद दिवस आणि एक कोयता

श्रीमान आदेश ८, नियम १ यांस,
मुक्काम : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८



तुमच्या वक्तशीरपणाचं कौतुक करावं तेवढं थोडं. समन्स बजावलं की ३० दिवसांत कैफियत. फारच अडचण असेल तर कोर्टाने कारणं लिहून ठेवायची आणि ९० दिवसांपर्यंत थांबायचं. मालकीहक्कावरून जमिनीचा ताबा मागणाऱ्या वादीला मुदतीचा कायदा १२ वर्षं देतो. तेवढ्यात तो कागद जमवतो, साक्षीदार जोडतो, नावाजलेला वकील गाठतो. प्रतिवादीने मात्र महिन्याभरात उत्तर घेऊन उभं राहायचं.

बीड जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या दारात गेल्या हंगामात बेलीफ आला, तेव्हा घरात फक्त म्हातारी आई होती. मुलगा आणि सून उचल घेऊन कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेले. चुलतभावाने बांधालगतच्या २० गुंठ्यांसाठी दावा लावला होता. माणूस इतक्यात परतण्यासारखा नसेल, तर घरातल्या प्रौढाच्या हाती दिलेलं समन्स कायद्याने बजावलेलंच. म्हातारीने अंगठा उठवला आणि कागद देव्हाऱ्यामागे ठेवला. सरकारी कागद जपून ठेवायचा असतो, एवढं तिला ठाऊक होतं.

टोळी एप्रिलमध्ये परतली. तोवर तुमचे ९० दिवस उलटले होते आणि दावा कैफियतीविना चालवण्याचा हुकूम झाला होता.

उसाच्या फडात तुमचं कॅलेंडर टांगायची सोय नाही, साहेब. ‘तारखेला जायचंय’ म्हटलं की मुकादम खाडा धरतो आणि उचल अंगावर राहते. एका कोयत्यात नवरा-बायको दोघं; एक गेला की कोयताच मोडला. हे तुमच्या कुठल्या पोटकलमात बसतं?

बरं, वेळेत पोहोचला असता तरी? तुमचा धाकटा, नियम १-अ, सांगतो की ज्या कागदांवर भिस्त आहे ते कैफियतीबरोबरच हजर करा. जुन्या फेरफाराची नक्कल, मोजणीचा नकाशा. ते देणाऱ्या खिडकीला तुमची घाई कुणी कळवलेली नाही. त्यात नियम ५ : जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल. म्हणून वकील परिच्छेदामागून परिच्छेद ‘मजकूर खोटा व लबाडीचा असून मान्य नाही’ लिहीत सुटतात, मग त्यात आपल्याच अशिलाचा गट नंबर का असेना.

हीच जागा निव्वळ व्यापारासाठी वापरात असती, वाद तिच्याबाबतच्या करारावरून असता आणि दावा ३ लाखांचा किंवा त्याहून मोठा असता, तर २०१५च्या व्यापारी न्यायालय कायद्याने १२० दिवस मिळाले असते. गाळा असेल तर १२०, ज्वारी असेल तर ९०. गाळेवाल्याला त्यापुढे दार कायमचं बंद, हेही खरं.

आणि तुमच्यावर तरी किती चिडायचं? १ जुलै २००२ रोजी आजचं रूप घेऊन तुम्ही आलात ते कैफियतीच्या नावाखाली तारखा उकळणाऱ्यांना चाप लावायला. २००५मध्ये ‘कैलाश विरुद्ध नान्हकू’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुमची मुदत निर्देशात्मक आहे. अपवादात्मक कारण असेल तर ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येते. सवलत अडलेल्यासाठी होती. तिचा फायदा घेतो तो जमीन दाबून बसलेला बेरकी गडी. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडतो, कोर्टाने लावलेली कॉस्ट बिडीकाडीच्या खर्चासारखी भरतो आणि वर्ष काढतो. तुम्ही अडवता ते ज्याने तुमचं नावही ऐकलेलं नाही त्याला. बेरक्यांनी तुम्हाला दारातलं बुजगावणं करून ठेवलंय. दया येते, खरंच.

ऊसतोड्याने हुकूम रद्द करून मागणारा अर्ज दिला आहे. उशिराचं कारण एका ओळीत लिहिलंय : कामासाठी परजिल्ह्यात. त्यावर वादीचं म्हणणं यायचं आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे. या हंगामाची उचल त्याने घेतली आहे.