सावेडीला चढलाय देवळाली ताप

ऐकलंत का? नगरच्या सावेडीत, गुलमोहर रोडवरच्या एका काकूंनी परवा मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि भाजीवाल्याला म्हणाल्या, 'चीअर्स, लव्ह!' भर सकाळी! भाजीवाला बिचारा सुटे पैसे हातात धरून उभाच. कसली बाटली, कुठला ग्लास? आणि लव्ह? इतक्या वर्षांच्या संसारात काकांच्या वाट्याला तरी हा शब्द आला असेल का? खुलासा असा की, विलायतेत 'चीअर्स' म्हणजे आभार, निरोप, 'चला, ठेवतो फोन', सगळंच. आणि तिथल्या दुकानातली बाई अनोळखी गिऱ्हाइकालाही बेधडक 'लव्ह' म्हणते. तिकडे चालत असेल हो. पण प्रोफेसर कॉलनी चौकात?

ही विलायती बोलीची साथ आली व्हिडिओ कॉलवरून. २०२१ साली ब्रिटननं शिक्षण संपल्यावर दोन वर्षं राहून नोकरी करायची मुभा दिली, आणि पाइपलाइन रोडपासून भिस्तबागपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी लेस्टर नि कॉव्हेंट्री. पोरं गेली मास्टर्स करायला. पदवी पोरांना मिळाली, भाषा आईबापांना लागली.

आता 'ऑलराइट?' घ्या. हा तिकडचा रामराम. उत्तरही 'ऑलराइट' एवढंच द्यायचं आणि पुढे चालू पडायचं. लेकाच्या घरमालकिणीनं स्क्रीनमध्ये डोकावून सहज 'ऑलराइट?' केलं, तर आपल्या एका वहिनींनी शुगरपासून सुरुवात केली, गुडघ्यावरून मोतीबिंदूवर आल्या आणि धाकट्या जाऊबाईंच्या वागण्यावर थांबल्या. थांबल्या कसल्या, नेट गेलं! तोवर भाऊंनी कापड बाजारातून आणलेली नवी विजार कॅमेऱ्यापुढे नाचवून 'न्यू पँट्स, न्यू पँट्स' केलंच होतं. ब्रिटिश माणूस पँट्स म्हणतो ते आतल्या कपड्याला, हे त्यांना सांगायचं कुणी? वर एखादी गोष्ट टाकाऊ असली तरी ती 'पँट्स'च. म्हणजे विजार दाखवली, अंतर्वस्त्र जाहीर केलं आणि तेही भिकार आहे असं स्वतःच सांगून मोकळे!

बरं, सगळंच अवघड असतं असंही नाही. 'बॉब्ज युअर अंकल', म्हणजे 'बॉब तुझा काका'. अर्थ काय, तर झालंच समज काम. सांगतात असं की, १८८७ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट, म्हणजे बॉब, सॉल्सबरीनं भाच्याला, बाल्फोरला, आयर्लंडचं मोठं पद दिलं, त्यावरून हे निघालं. खरंखोटं तो बॉब जाणे. पण काका किंवा मामा योग्य जागी बसलेला असला की काम होतं, हे सहकाराच्या जिल्ह्याला लंडनहून येऊन शिकवायचं? कारखान्यापासून पतसंस्थेपर्यंत आमचे किती बॉब बसलेत, मोजून दाखवा!

आणि स्वयंपाकघर? तिथली तऱ्हा तर विचारूच नका. इंग्लंडात २०१० पासून केक-पाव भाजायची स्पर्धा टीव्हीवर लागते, 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'. 'पाय' हा पदार्थ बुडाशी ओला राहिला की परीक्षक 'सॉगी बॉटम' म्हणून नाक मुरडणार आणि पदार्थ फारच जमला तर परीक्षक पॉल हॉलिवूड हस्तांदोलन करणार. झालं! तपोवन रोडवरच्या एका सासूबाईंनी सुनेच्या बाजरीच्या भाकरीला 'सॉगी बॉटम' दिला. सून रुसली. दुसऱ्या दिवशी भाकरी टम्म फुगली, तेव्हा सासूबाईंनी पीठ लागलेला तिचा हात धरून गदागदा हलवला. जिनं लग्नात पाया पडून घेतलं तिनं शेकहँड केला, काय म्हणावं याला?

सगळ्यात कडवे ते नव्यानं बाटलेले. एक निवृत्त मराठीचे सर आहेत, वर्गात इंग्रजी शब्द आला की छडी काढणारे. त्यांना कुणीतरी सांगितलं, खरा ब्रिटिश कौतुक करताना ओरडत नाही, फार आवडलं तर 'नॉट बॅड' म्हणतो. सरांनी मिसळ चाटूनपुसून खाल्ली आणि गंभीरपणे म्हणाले, 'नॉट बॅड.' मालक गल्ला सोडून धावत आला. 'काय कमी पडलं सर?' जिथं 'लय भारी'च्या खाली बोलणं म्हणजे भांडण, तिथं हे असलं मोजूनमापून कौतुक?

पण नाकं मुरडताना जरा जपून. ब्रिटिशांना खुळावलं कुणी? आपल्याच गावकऱ्यानं! स्पाइक मिलिगन जन्मला तो १६ एप्रिल १९१८ रोजी, आपल्या नगरात. बाप लष्करात, आयरिश. पोर पुण्यात-रंगूनला वाढलं, विलायतेला गेलं आणि १९५१ पासून बीबीसी रेडिओवर 'द गून शो' काढून त्यानं अख्ख्या देशाला वेड्यासारखं हसवलं. तेव्हाचा राजपुत्र चार्ल्ससुद्धा त्याचा भक्त. १९५४ च्या एका भागात लर्गी नावाच्या भयंकर रोगाची आवई उठते, आणि औषध काय, तर पितळी वाद्यं वाजवा! अर्थात वाद्यं विकणाऱ्यांचाच तो डाव. डोकं पाहिलंत? पाणी कुठलं ते कळतंय ना? आजही तिकडे सर्दीखोकला झाला की 'लर्गी झालीय' म्हणतात. २००२ मध्ये गेला, तर थडग्यावर आयरिश भाषेत कोरून घेतलं, 'सांगत होतो ना, मी आजारी आहे म्हणून!'

आणि शेजारच्या जिल्ह्यातलं देवळाली? मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे. ऊन, डास, काम शून्य. डोकी फिरायची. त्यावरून वेडं होण्याला इंग्रजीत 'डुलाली' नाव पडलं, मूळचं 'डुलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! पुढे १९७४ ला बीबीसीनं त्या छावणीवर अख्खी विनोदी मालिका काढली. म्हणजे वेड इथूनच निर्यात झालं आणि आता व्याजासकट परत येतंय. तक्रार करायची कुणाकडे?

करूच नका, तुम्हीही त्यातलेच. परवा सोसायटीचा टँकर आला नाही तेव्हा ग्रुपवर 'गटेड' कुणी टाकलं? जीव तुटणे या अर्थी हो, गटारीशी संबंध नाही. मग एकेकानं 'सेम, मेट' जोडलं. सेक्रेटरींनी तर १९३९ सालच्या युद्धकाळातलं ब्रिटिश पोस्टरच डकवलं, 'कीप काम अँड कॅरी ऑन'. मग काय, केलं कॅरी. बादल्या भरून, चार मजले.