नुसतं फिनिशिंग राहिलंय

कोल्हापुरात घराचं काम काढलेलं कुटुंब शेवटच्या टप्प्यात आलंय, हे ओळखणं सोपं आहे. गॅस हॉलमध्ये, फ्रीज जिन्याखाली आणि देव शिलाई मशीनवर. जेवताना छताच्या घासकामाची धूळ ताटात उतरते. तेव्हा तांबडा रस्सा होता तो पांढरा झाला, असं समजून भुरकायचा.

गवंडी फोनवर ठाम असतो, "दोन दिवसांचं काम हाय ओ मालक, स्कर्टिंग तेवढं राहिलंय." मग पाऊस लागतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. "पाणी 39ला टेकलं, म्हसरं हलवाय पायजेत," म्हटल्यावर कोण काय बोलणार? पुढे पाणी उतरतं, पण तोवर गणपती येतात. मग नवरात्र. पेंटर तर दसऱ्याआधी ब्रशच बाहेर काढत नाही.

तक्रार करायची सोय नाही, कारण शहराचा दाखला समोर आहे. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनचं काम 2014मध्ये सुरू झालं आणि पाणी आलं 2023च्या दिवाळीत. त्या मानाने बाथरूमचा नळ अजून बसला नाही, म्हणजे काम वेळेआधीच चाललंय म्हणायचं.

म्हणून शहाणी माणसं नळाची वाट न बघता सत्यनारायण घालून मोकळी होतात. पंगतीला का होईना, प्लंबर, पेंटर, गवंडी एकाच दिवशी, सांगितलेल्या वेळेला हजर असतात.