वरचा प्रोड्युसर

गेली तीन वर्षं मी एका संगीतकाराच्या रचना नेमानं ऐकतो आहे, पण त्यातली एकही मला गुणगुणता येणार नाही. कारण संगीतकार राहतो आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या स्लॅबमधून खाली उतरतो तो फक्त 'धप'. बारीक आवाज काँक्रीट गिळून टाकतं; जाड आवाज मात्र पाझरतो, गच्चीच्या गळतीसारखा. सूर, शब्द, बासरी, कोरस ही सगळी पंगत वर बसते आणि आमच्या ताटात नुसता बेस पडतो. पहिल्या रात्री साडेअकराला सुरू झालं तेव्हा आमची ही उठून बसली आणि म्हणाली, "एवढ्या रात्री मिरच्या कोण कुटतंय?"

मी तक्रार करायला वर गेलो. दार उघडलं एका तिशीच्या, चष्मेवाल्या, अत्यंत नम्र मुलानं. गळ्यात हेडफोन, अंगात बनियन. "काका, सॉरी," तो म्हणाला, "पण त्याचं काय आहे, पन्नास हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. माझी खोली तीन मीटर. ती मावणार कुठं?" मी बँकेत छत्तीस वर्षं कॅशवर काढलेला माणूस. हिशेब बरोबर असला की माझं तोंड बंद होतं. दोन वेळा मान हलवून मी खाली आलो, आणि हिला सांगितलं की मिरच्या नाहीत, लाट आहे, आणि ती आपल्याकडे येते कारण वर जागा नाही. ही म्हणाली, "मग बिल्डरला सांगा."

दिवसा तो ऐरोलीला एका कंपनीत टेस्टिंग करतो, म्हणजे पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधतो. रात्री डोंबिवलीला परतून बिनपगारी स्वतःच्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं नावाखाली 'म्युझिक प्रोड्युसर' असं लिहिलं आणि तेव्हापासून त्याचं खरं नाव मागं पडलं. त्या वर्षी गणपतीच्या वर्गणीला सेक्रेटरींनी सगळ्यांची पाचशे एकची पावती फाडली, त्याची पंचवीसशे एकची. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी मुलाचे चार फोटो पाठवले, मालिकेत कुठं बालकृष्ण वगैरे लागत असेल तर. प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा माणूस, एवढंच आमच्या पिढीला ठाऊक. आणि बघायला गेलं तर त्यात चूक काही नव्हती. पैसे तोच घालतो. आजवर घालतोच आहे.

त्याच्या खोलीचा इतिहास अंड्यांच्या ट्रेपासून सुरू होतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना ट्रे लावायचे असं त्याला कुणीतरी सांगितलं. माळकऱ्याचं घर, घरात कांदासुद्धा चातुर्मासात चार महिने रजेवर जातो. त्या घरात एका रविवारी चाळीस ट्रे जिन्यानं वर गेले. एका ट्रेत तीस अंडी. म्हणजे बाराशे. खालच्या बाकावर बसलेल्या आम्हा सहा जणांनी हा गुणाकार आपापल्या मनात केला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या आईला तिघींनी विचारून झालं होतं की डॉक्टरांनी सांगितलंय का. ट्रे लागले. आवाज पूर्वीइतकाच बाहेर आला, वर झुरळं झाली. मग त्याला कळलं की आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. अडवायला वजनदार भिंत लागते, पुठ्ठ्याचं काम नव्हे. ट्रे उतरले आणि त्यांच्या जागी आजीच्या दोन गोधड्या आणि एक सोलापुरी चादर आली. त्या खोलीत आता बोललं की आपलाच आवाज तोंडातून बाहेर पडून तिथंच खाली बसल्यासारखा वाटतो.

गाणारीला उभं करतात कपाटात. खरंच. कपाटाची दोन्ही दारं उघडायची, मध्ये माईक, आणि मावसबहिणीनं आईच्या साड्यांत तोंड खुपसून गायचं. साड्या प्रतिध्वनी मारतात म्हणे. डांबराच्या गोळ्यांचा वास घेत ती बिचारी विरहगीत गाते, आणि डोळ्यांतून जे पाणी येतं ते कशामुळे हे सांगता येत नाही. बाजूला एक लाल डबी, तिच्यावर '४८' लिहिलेलं बटण. या माईकला ४८ व्होल्ट लागतात असं त्यानं सहज सांगितलं, तेव्हापासून आई पोरीला रबरी चपला घातल्याशिवाय कपाटाजवळ जाऊ देत नाही.

पंखा बंद. खिडकी बंद. मे महिना. असं सगळं बंद करून, पाच माणसं घामानं निथळत असताना, हेडफोन काढून तो गंभीरपणे म्हणतो, "गाण्यात हवा कमी आहे."

ही त्याची भाषा. हवा म्हणजे दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचं काहीतरी, जे माझ्या वयाच्या कानांना ऐकू येणं कधीच थांबलंय. तीनशेच्या आसपास 'चिखल' असतो, तो उपसायचा असतो. आवाज 'कोरडा' असतो, मग त्याला 'ओला' करायचा असतो. पावसाळ्यातल्या डोंबिवलीचं वर्णन चाललंय की गाण्याचं, हे नवख्याला समजू नये. आणि सगळ्यावर उपाय कॉम्प्रेसर. लॅपटॉपमध्ये त्याच्याकडे एकतीस आहेत. बत्तिसावा फ्रिजमध्ये आहे आणि त्याच्याशी त्याचं उभं वैर. रेकॉर्डिंगच्या ऐन भरात तो घरघरतो. मग हा फ्रिज बंद करतो आणि चालू करायला विसरतो. दोनदा दूध गेलं, एकदा श्रीखंड. आता तो फ्रिज बंद केला की स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी किल्लीसाठी दार उघडलं की आठवण होते. ही युक्ती सिनेमावाल्या साउंड रेकॉर्डिस्टांची आहे, असं त्यानं मला अभिमानानं सांगितलं. त्यांच्या आयांना काय वाटतं ते सांगितलं नाही.

लॅपटॉपात त्याच्याकडे काय नाही? 'सैराट'साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टेजवर जाऊन जिताजागता ऑर्केस्ट्रा वाजवून घेऊन आले. याला जावं लागत नाही, साठ व्हायोलिनं एका बोटाखाली आहेत. अडलं ते ढोलकीपाशी. परदेशी लायब्ररीतली 'इंडियन पर्कशन' लावली की ढोलकी लावणीतून थेट योगवर्गात जाऊन बसते. डाव्या अंगाचा तो घुमारा काही केल्या येईना. शेवटी आमच्या भजनी मंडळातल्या ढोलकीवाल्याला बोलावलं. वरातीत रात्रभर वाजवणारा माणूस. त्याच्या कानाला हेडफोन लावला, त्यात मिनिटाला शहाण्णव टकटक. बुवांनी दोन आवर्तनं ऐकून घेतली आणि विचारलं, "हा आत कोण बसलाय? याला चढायचं माहीत नाही का?"

चढणारच. चौथ्या आवर्तनाला लय अंगात येते, तशी ती चढली. रंग भरला. मी दारात उभा होतो, माझा पाय थांबेना. बुवा दक्षिणा आणि चहा घेऊन गेले, आणि मग प्रोड्युसरनं रात्रीचे तीन वाजवून त्यांची प्रत्येक थाप उचलून आखलेल्या रेघेवर नेऊन ठेवली. या क्रियेला क्वांटाइझ म्हणतात. सगळं रेघेवर आलं आणि ढोलकी मेली. त्यालाही ते कळलं. कान त्याचा वाईट नाही. मग त्यानं एक दुसरं बटण दाबलं, त्याचं नाव 'ह्युमनाइझ'. ते बटण रेघेवरच्या थापा आपल्या मनानं थोड्या मागंपुढं करतं, माणसानं वाजवल्यासारखं वाटावं म्हणून. म्हणजे आधी बुवांना हाकललं आणि मग मशीनकडून नकली बुवा मागवले. मी फक्त एवढंच विचारलं की दक्षिणा कुणाला लागू झाली.

एकदा मात्र माझ्या हिशेबानं त्याला गप्प केलं. लॅपटॉपमधून आवाज फिरून कानात यायला उशीर होतो, त्यामुळे गाता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. किती उशीर? सेकंदाचे ४४,१०० तुकडे, त्यातले ५१२ तुकडे थांबावं लागतं. मी बोटांवर मांडलं. सेकंदाचा शंभरावा भाग, थोडा वर. तेवढ्या वेळात हवेतून आवाज चार मीटर जातो. "अरे," मी म्हटलं, "आमच्या मंडळात बुवांपासून शेवटचा टाळकरी चार मीटरवरच बसतो. ज्ञानोबा-तुकोबांचं काही अडलं नाही." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आठवड्यानं नवीन, जास्त वेगाचा लॅपटॉप आला.

त्याच्या पुराणात दोन आख्यानं आहेत. एक चेन्नईचं: ए. आर. रहमान यांनी घराच्या आवारातच स्टुडिओ थाटला आणि १९९२ साली 'रोजा' आला. दुसरं अमेरिकेचं: बिली आयलिश आणि तिचा भाऊ यांनी घरच्या बेडरूममध्ये अख्खा अल्बम केला, आणि २०२० मध्ये त्याला ग्रॅमीचा सगळ्यात मोठा मान मिळाला. नवी वस्तू घरात आली की आईला ही आख्यानं ऐकावी लागतात. गेल्या दिवाळीत जरा महागाचे स्पीकर आले तेव्हा दुसरं आख्यान पुन्हा झालं. आईनं वाती वळता वळता शांतपणे विचारलं, "त्या पोरीच्या भावानं गाणी पुरी केली होती ना रे?"

इथं दुखणं आहे. त्याचं गाणं पुरं होत नाही. मावसबहिणीच्या लग्नात नवरीच्या एन्ट्रीसाठी म्हणून एक गाणं त्यानं अक्षय्यतृतीयेला करायला घेतलं. फाइलींना तो आकडे देत नाही, तिथी देतो, कारण आकड्यांनी निराशा येते. नृसिंह जयंतीचं मिक्स, वटपौर्णिमेचं मिक्स, आषाढीचं मिक्स. लग्न झालं, नवरी हॉलवाल्याच्या पेनड्राइव्हमधल्या गाण्यावर आली. संकष्टीचं मिक्स ऐकवायला त्यानं मला वर बोलावलं तेव्हा त्या मुलीचं डोहाळजेवण होऊन गेलं होतं.

"काका, नीट ऐका. हे पहिलं." ऐकलं. "आणि हे दुसरं." त्यानं पडद्यावरचं एक बटण नखभर फिरवलं. मला काडीचा फरक कळला नाही. पण समोर इतक्या आशेनं बघणारा माणूस असला की खोटं बोलणं हा शेजारधर्म होतो. "दुसरं बरं," मी म्हटलं. "मोकळं वाटतंय." त्याचा चेहरा उजळला. "करेक्ट! तुमचे कान सोसायटीत सगळ्यात चांगले." पाऊण तास तो ते बटण फिरवत होता आणि मी "आता जास्त झालं", "आता उबदार" असं काहीबाही म्हणत होतो. मग त्याचा हात एकदम थांबला. ते यंत्र मुळात चालूच नव्हतं. बाजूचा छोटा दिवा विझलेला होता. आम्ही दोघंही त्या विझलेल्या दिव्याकडे थोडा वेळ बघत बसलो. मग आईनं पोहे आणले.

गाणं खोलीत चांगलं वाजून भागत नाही, बाहेर वाजलं पाहिजे. म्हणून रात्री बाराला तो पार्किंगमध्ये वडिलांच्या गाडीत काचा वर करून बसतो. नव्या वॉचमननं पहिल्यांदा त्याला अंधारात डोळे मिटून मान हलवताना पाहिलं आणि सेक्रेटरींना उठवलं. त्याही पुढची परीक्षा शेअर रिक्षाची. स्टेशनजवळ एका ओळखीच्या रिक्षावाल्याच्या ब्लूटूथवर त्यानं गाणं लावायला दिलं आणि मागं दोन अनोळखी माणसांच्या मधे अंग चोरून बसला. रिक्षावाल्यानं दुसऱ्या अंतऱ्याला गाणं बदललं. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस. तो म्हणाला, "नाही काका, बरोबर आहे त्याचं. दुसऱ्या अंतऱ्याला मिड्स टोचतात." मला या मुलाचं काय करावं कळत नाही.

आता मावसबहिणीच्या बाळाचं जावळ. निदान तिथं तरी गाणं वाजावं म्हणून त्यानं गेल्या महिन्यात 'शेवटचं' मिक्स घरच्या ग्रुपवर टाकलं, आणि घाईत चुकीची फाइल गेली. कधीतरी माईक चालू राहिला होता. दोन मिनिटांची ती फाइल: आई स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणतेय, खाली भाजीवाला मेथी मेथी ओरडतोय, मग कुकरच्या तीन शिट्ट्या. ना हवा, ना चिखल उपसलेला. नागपूरच्या मावशीनं रडणारे सतरा चेहरे पाठवले. एका काकांनी ते रिंगटोन केलं. सगळ्यांनी त्याला लिहिलं, शेवटी जमलं रे तुला! दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी खाली आला आणि आमचा पाच लिटरचा कुकर मागून घेऊन गेला.

झालं होतं असं, की ती शिट्टी गाण्यात घ्यायची त्याला सुचलं होतं. गाणं काळी चारचं, आणि त्यांच्या घरच्या कुकरची शिट्टी काळी पाचच्याही किंचित वर. आमचा कुकर जुना, शिट्टी घोगरी. तो कदाचित बसेल.

आठवडा झाला तरी कुकर परत येईना. काल आठ वाजता हिनं तांदूळ धुतले आणि मला वर पाठवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. फ्रिज गप्प. पंखा गप्प. गॅसपासून दीड हातावर स्टँडला माईक, त्याला उन्हाळी टोपी घातलेली. प्रोड्युसर जमिनीवर मांडी घालून, हेडफोन लावून, डोळे मिटून. आई ओट्याशी पदर तोंडाला लावून उभी. तिनं मला खुणेनं तिथंच थांबवलं. मी एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असा उभा राहिलो. आमचा कुकर फसफसायला लागला, थरथरला, आणि शिट्टी झाली. घोगरी, लांब, शेवटी जराशी खाली वाकणारी. मलासुद्धा वाटलं, लागली काळी चार.

कुणी हललं नाही. वाफ पूर्ण विरल्यावर आईनं दबक्या आवाजात विचारलं, "झाली का रे? डाळीचं पार पिठलं झालंय."

त्यानं फाइल मागं घेतली, एकदा ऐकली, दुसऱ्यांदा ऐकली, आणि हेडफोनचा एक कान उघडून फार दिलगिरीनं माझ्याकडे पाहिलं.

"आई, अजून एक लाव," तो म्हणाला. "यात काकांचा श्वास आलाय."