आरक्षित भीती

जो माणूस रोज सकाळी बोरिवलीला विरारहून भरून आलेल्या चर्चगेट फास्टमध्ये शिरतो, अंधेरीला उतरायचं असूनही दादरला उतरवला जातो आणि संध्याकाळी तोच खेळ उलट्या दिशेने खेळतो, त्याने रविवारी बायकापोरांना घेऊन, खाडी ओलांडून, तिकीट काढून घाबरायला का जावं? अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे अजून लक्ष दिलेलं नाही. ज्या मालाचा घरात ढीग पडलाय तो कोणी बाजारातून आणत नाही. कोकणातला माणूस फणस विकत घेत नाही. तरीही 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि आख्ख्या उपनगराने तिथे रांगा लावल्या. आता तिथले पाळणे थांबलेत. कोविडच्या टाळेबंदीचा फटका बसला तो बसलाच, शेजारचं 1998 चं वॉटर किंगडम तेवढं आपलं पाणी राखून आहे. पण मुलुंड-घाटकोपरपासून दहिसरपर्यंत कुठल्याही लग्नात चाळिशी-पन्नाशीतल्या मामेचुलत भावंडांचा घोळका जमू द्या. ‘हुला लूप’, ‘टॉप स्पिन’, ‘शॉट अँड ड्रॉप’ ही नावं निघाली, की कोणाच्या गुडघ्याची वाटी कुठे सरकली हा विषय मागे पडतो आणि डोळे चमकायला लागतात. हे डोळे थराराच्या आठवणीने चमकतात असा सगळ्यांचा समज आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. उपनगरी माणसाला त्या पाळण्यात आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सुरक्षित वाटलं, आणि तो जो हळवा होतो तो त्या सुरक्षिततेसाठी.

आधी बसण्याचाच मुद्दा घेऊ. लोकलच्या तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट असते आणि ती अर्ध्या मांडीची असते, हे इथे बालवाडीतलं पोरही जाणतं. उभ्यांचं तर बोलूच नये. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी राहिली, की त्या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. तांदळाच्या पोत्यावरसुद्धा कोणी असं लिहिणार नाही. याच्या शेजारी आता तो पाळणा ठेवून बघा. एका माणसाला एक जागा, ती पूर्ण त्याची. खिडकीतून रुमाल टाकून कोणी ती आधीच धरलेली नाही. ‘कुठे उतरणार?’ असं कोणी विचारत नाही, कारण सगळे जिथे चढले तिथेच उतरणार. मग खांद्यावरून दांडा खाली येतो, खट् करून अडकतो, आणि गणवेशातला एक पोरगा रांगेने चालत येऊन प्रत्येक दांडा स्वतःच्या हाताने दोनदा ओढून बघतो. तुमचा ओढतो, तुमच्या बायकोचा ओढतो, मागच्या घाटकोपरच्या काकांचा ढेरीवर अर्धवट अडकलेला दांडा तर जरा दाबूनच बघतो. रेशनच्या रांगेत, बँकेच्या खिडकीवर आणि फलाट क्रमांक ऐनवेळी बदलल्याची घोषणा ऐकत ज्याची हयात गेली, त्या माणसाच्या जिवाची अशी जातीने चौकशी त्यापूर्वी फक्त आईने केलेली असते. आणि हे सगळं होईपर्यंत गाडी सुटत नाही. पुन्हा सांगतो, सगळे नीट बसल्याशिवाय गाडी सुटत नाही.

पाटीचंही तसंच. अमुक उंचीच्या खालच्या मुलांना प्रवेश नाही, हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बसू नये, अशी पाटी जगभर अशा पाळण्यांच्या तोंडाशी असते. सकाळी साडेआठला अंधेरीच्या जिन्यावर अशी पाटी लावली तर निम्मी मुंबई घरी परत जाईल. तिथे ती लावत नाहीत, यावरूनच कुठल्या प्रवासात माणसाची काळजी घेतली जाते हे उघड आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सुरक्षितच वाटत होतं, तर लोक किंचाळत का होते? आक्षेप सोपा वाटतो, पण आपण किंचाळतो कधी हे जरा आठवून बघा. खरोखर जिवावर बेततं तेव्हा माणूस गप्प होतो. दारात लोंबकळणारा कधी किंचाळत नाही; तो दात आवळून दांडी धरतो आणि मनातल्या मनात कुलदैवताला नवस बोलतो. किंचाळणं ही निवांत माणसाची चैन आहे. त्यातून वन-रूम-किचनमध्ये सासू-सासरे, दोन मुलं आणि भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजणारे शेजारी अशा व्यवस्थेत वाढलेल्या माणसाला घसा मोकळा करायला जागा कुठे होती? ऑफिसात साहेबावर ओरडता येत नाही, घरी ओरडलं तर चार मजले ऐकतात. गोराईला मात्र बोरिवलीची शांत स्वभावाची लायब्ररियन बाई उलटी टांगून घेऊन मनसोक्त बोंबलू शकत होती आणि खाली उतरून पदर सारखा करत ‘इश्श, फार काही नव्हतं’ म्हणू शकत होती. तिकिटाचे अर्धे पैसे तिथेच वसूल व्हायचे.

दुसरा पुरावा यंत्राचा आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. साखळीने चढावर ओढल्या जाणाऱ्या रोलर कोस्टरमध्ये जो खट-खट-खट आवाज येतो, त्याने भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. ‘आता काही खरं नाही’ असं वाटायला लावणारा तोच आवाज. वास्तविक तो आवाज म्हणजे गाडीच्या पोटाखालची लोखंडी खिट्टी रुळांमधल्या दात्यांवरून एकेक करून पडत जाते त्याचा. साखळी मध्येच तुटली तर गाडी मागे घरंगळू नये म्हणून ती खिट्टी बसवलेली असते. आपण ज्याला घाबरत होतो तो आपल्या विम्याचा हप्ता भरला जाण्याचा आवाज होता. या खेळाचा उगमही बघण्यासारखा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉख चंक इथे 1827 पासून डोंगरावरून कोळशाच्या गाड्या उतारावर सोडून देत. पुढे लोक हौसेने त्यात बसू लागले. 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी पाच सेंट घेऊन खास बसण्यासाठीच तशी गाडी चालवली. तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर, म्हणजे घोडबंदर रोडवरच्या संध्याकाळइतका. थोडक्यात, मालगाडीत माणसाला बसायला जागा दिली की तिला करमणूक म्हणतात, हा शोध दीडशे वर्षं जुना आहे. आपण उलट बाजूने निघालो: माणसांच्या गाडीला मालगाडीची रीत लावली आणि करमणुकीसाठी गोराईला गेलो.

आता काहीजण म्हणतील, हे सगळं पांडित्य सोडा, माणसाला बालपण आठवतं, बाकी काही नाही. असेलही. पण मग प्रत्येक कुटुंबात तो एक इसम असायचा त्याचं काय करायचं? पन्नाशीचे, टोपी घातलेले, पाळण्यात न बसलेले. ते खाली कठड्याशी उभे राहून अकरा जणांच्या चपला, चष्मे, पाण्याच्या बाटल्या, ठेपल्यांचा डबा आणि एक रडकं पोर सांभाळत. त्यांचं बालपण गिरगावात किंवा रत्नागिरीत कधीच संपलेलं होतं, थराराशी त्यांचा संबंध आला नाही, आणि तरी तेही त्या दिवसाबद्दल ममतेने बोलतात. बालपणाचा सिद्धांत इथे लंगडतो. माझ्या सिद्धांताला मात्र ते इसम सोयीचे आहेत: आपलं सगळं खटलं दांडे लावून बंदिस्त झालेलं आहे आणि दोन मिनिटं तरी कोणी हरवू शकत नाही, असा निर्धास्तपणा कुटुंबप्रमुखाला मुंबईत आणखी कुठे मिळाला असता?

मग खोपोलीच्या इमॅजिकाला का जात नाही, असंही विचारतात. तिथले पाळणे मोठे, 2013 चे, नवेकोरे. जातात की लोक. पण तिथे एक्स्प्रेसवेने जायचं, म्हणजे बाहेरगावी जायचं. गोराई आपल्याच महापालिकेच्या हद्दीत असून होडीपलीकडे होती. बोरिवली स्टेशनातून बस, मग खाडीचा धक्का, सुक्या बोंबलांचा वास आणि बोटीच्या इंजिनाची डुगडुग. किंवा मालाडच्या मार्वेहून तसंच. तिथे शेजारी पॅगोडाही आहे, 2009 साली खुला झालेला, एकही खांब नसलेल्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतील असा. श्वासाकडे लक्ष द्या, एवढंच तिथे सांगतात. टॉप स्पिनमध्ये तेच न सांगता साधायचं: डोळे मिटलेले, खिसे रिकामे, मनात दुसरा विचार नाही आणि सगळं लक्ष पुढचा श्वास येतो की नाही याकडे. मला हा शेजार कधी विसंगत वाटला नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी उरतो. 25 डिसेंबर 2017 ला पहिली एसी लोकल धावली, तीही बोरिवलीहूनच. तिला बंद होणारी दारं आहेत. मेट्रोलाही आहेत. सुरक्षिततेचीच ओढ होती, तर एसी लोकलच्या आठवणीने कोणाचा कंठ का दाटत नाही? खरं आहे, दाटत नाही. लोक फक्त भाड्याबद्दल बोलतात. मला वाटतं, दाराची किंमत उलटं टांगल्याशिवाय कळत नाही. शिवाय एसी लोकलचं दार दोन माणसं मध्ये उभी राहिल्याने पाच मिनिटं बंद होत नाही, तेव्हा त्यांना मागे ओढायला तो गणवेशातला पोरगा तिथे नसतो.

कोनी आयलंडचा 1927 चा ‘सायक्लोन’ न्यूयॉर्क शहराने 1988 मध्ये वारसा म्हणून जाहीर केला आणि तो अजून चालतो. आपणही हुला लूप जतन करावा, पुन्हा सुरू करावा, अशी मागणी करायला माझी हरकत नाही. अडचण एवढीच, की ज्यांना त्याची आठवण येते त्यांतल्या निम्म्यांची बायपास झालीय, उरलेल्यांना रक्तदाब किंवा स्लिप डिस्क आहे, आणि ती तोंडाशी लावलेली पाटी कोणाच्याही हळवेपणाला भीक घालत नाही. पाळणे सुरू झालेच, तर वर बसायला नातवंडं लागतील. खाली चपला, चष्मे आणि ठेपल्यांचे डबे सांभाळायला मात्र माणसांची वानवा पडणार नाही.