मिक्सिंगमध्ये बघू

मध्यम आकाराच्या कुठल्याही शहरात, एखाद्या सोसायटीच्या तळघरात तो सापडतो. बाहेर दुचाक्यांचं पार्किंग, जिन्याखाली पाण्याची मोटर आणि तिला चिकटून याचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. भिंतींना फोम, फोम संपला तिथून पुढे अंड्यांचे ट्रे. ट्रेंनी आवाज अडत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण ते बघून गिऱ्हाइकाला धीर येतो. टेक चालू असताना एसी बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. मोटर मात्र सोसायटीची. ती सुरू झाली की तो गायिकेला म्हणतो, "ताई, चहा घेऊ या," आणि टाकी भरेपर्यंत इतिहास सांगतो.

इतिहास मेम्फिसपासून सुरू होतो. ७०६, युनियन अव्हेन्यू. हा पत्ता त्याला सासुरवाडीच्या पत्त्यापेक्षा चांगला पाठ. जानेवारी १९५० मध्ये सॅम फिलिप्सने तिथे छोटा स्टुडिओ थाटला आणि पोटासाठी लग्नं, अंत्यविधी, जे येईल ते ध्वनिमुद्रित केलं. हे सांगताना आमच्या माणसाचा चेहरा खुलतो. सकाळीच त्याने एका उमेदवाराचं प्रचारगीत केलेलं असतं आणि संध्याकाळी कोणाच्या तरी कुत्र्याच्या वाढदिवसाचं गाणं असतं. "सॅमचंही असंच होतं," तो म्हणतो. (कुत्रा सोडला तर खरंच आहे.)

स्टुडिओतल्या प्रत्येक बिघाडाला त्याच्याकडे एक थोर पूर्वज आहे. स्पीकर खरखरला? "राजा, १९५१ साली 'रॉकेट ८८' या गाण्याच्या वेळी गिटारचा अॅम्प्लिफायर असाच बिघडला होता. सॅमने आत कागद कोंबला, त्या खरखरीवरच लोक फिदा!" ढोलकीवाल्याला जागा नाही म्हणून न्हाणीघरात बसवावं लागलं? लंडनचा जो मीक हजर. होलोवे रोडवर, चामड्याच्या सामानाच्या दुकानाच्या डोक्यावर, भाड्याच्या घरात त्याचा स्टुडिओ. कोणी जिन्यात वाजवतंय, कोणी न्हाणीघरात गातंय. त्याच मीकचं 'टेलस्टार' १९६२ मध्ये थेट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. घरमालकीण खालून झाडूच्या दांड्याने ठोकायची, तर मीक स्पीकर जिन्यात आणून आवाज आणखी वाढवायचा म्हणे. आमच्या माणसाची एवढी छाती नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू चपला वाजवत उतरल्या की तो ढोलकी थांबवतो आणि त्यांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग फुकट कबूल करतो. १९६७ मध्ये मीकने त्याच घरमालकिणीवर आणि मग स्वतःवर गोळी झाडली, हा भाग तो गाळतो. भाडं थकलेल्या माणसाने असल्या गोष्टी सोसायटीत बोलू नयेत.

बाकी त्याच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं एकच वाक्य: "मिक्सिंगमध्ये बघू." ताल सुटला, शब्द खाल्ला, मागे भंगारवाला ओरडला, सगळ्यावर तोच उतारा. एखादा प्रामाणिक गायक काकुळतीने म्हणतो, "दादा, पंचम लागत नाहीये हो." मग अँडी हिल्डब्रँडची कथा. हा गृहस्थ तेलकंपन्यांसाठी जमिनीत ध्वनिलहरी सोडून खाली काय आहे ते ताडायचा. तेच गणित सुराला लावून त्याने १९९७ मध्ये ऑटोट्यून आणलं. "जमिनीखालचं तेल सापडतं, तर तुमचा पंचम कुठे जातोय?"

हल्ली गिऱ्हाइकं घरीच लॅपटॉप आणि माइक घेऊन कपाटातल्या कपड्यांत तोंड खुपसून गातात आणि फक्त मिक्सिंगला याच्याकडे येतात. अमेरिकन गायक स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम घरीच, साध्या कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केला, ही गोष्ट पूर्वी तोच सर्वांना रंगवून सांगायचा. आता सांगत नाही.

वाट मात्र तो एकाचीच बघतोय. १९५३ मध्ये एक बुजरा पोरगा पैसे मोजून दोन गाणी तबकडीवर करून घ्यायला सॅमच्या दारात आला. तिथलं कामकाज बघणाऱ्या मॅरियन केस्कर यांनी त्याचं नाव टिपून ठेवलं: एल्विस प्रेस्ली. त्या दिवशी यंत्र नक्की कोणी चालवलं, यावर पुढे सॅम आणि मॅरियनबाईंचं जमलं नाही. इथल्या स्टुडिओत असा वाद संभवत नाही. यंत्राला हात लावायची बंदी असलेल्या वहिनी कोपऱ्यात वही घेऊन बसतात. त्यांनीही नावं टिपलेली आहेत, सगळी उधारीची.

१९५५ च्या नोव्हेंबरात सॅमने एल्विसचा करार आरसीए या रेकॉर्ड कंपनीला ३५ हजार डॉलरला देऊन टाकला, इथे आला की त्याचा आवाज चढतो. "चुकलाच सॅम! आपला एल्विस आला ना, तर आपण नाही विकायचा."

"नका विकू," वहिनी वहीतून मान वर न करता म्हणतात, "पण आधी त्याच्याकडून अॅडव्हान्स घ्या."