मालक, मुद्रक, प्रकाशक, उमेदवार

वसईच्या पारनाक्यावर 'संपादकसाहेब' अशी हाक मारली तर निदान चार माणसं वळून बघतात. त्यातले आपले कोणते? ज्यांच्या काखेत गेल्या आठवड्याचा अंक असेल ते. या आठवड्याचा छापखान्यात अडकलेला असतो, मागचं बिल भागेपर्यंत.

साप्ताहिक जाहीर नोटिशींवर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर चालतं. वसई-विरारमध्ये फ्लॅटची खरेदी थांबत नाही, तोवर 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' हेही थांबत नाही. उरल्या जागेत अग्रलेख. 'गेल्या दहा हजार वर्षांत वसईत एवढा कोरडा नळ कुणी पाहिला नसेल!' यातली दहा हजार वर्षं आचार्य अत्र्यांची, नळ साहेबांच्या सोसायटीचा.

अत्रे हेच सगळ्या दुखण्याचं मूळ. 'नवयुग' आणि 'मराठा' काढणारा माणूस 1957 साली दादरमधून आमदार होतो, हे साहेबांनी वाचलं आणि वसईच्या मतपत्रिकेवर एक अपक्ष कायमचा वाढला. अत्र्यांमागे संयुक्त महाराष्ट्राची अख्खी चळवळ होती, असं कुणी सुचवलंच तर उत्तर तयार : "आमच्यामागे वाचक आहेत." असतील, पोस्टमनला विचारायला हवं.

अर्ज भरताना विधानसभेची दहा हजारांची अनामत. ती परत मिळायला एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. साहेब तो पैसा देणगीतच धरतात. खरी हौस चिन्हाची. निवडणूक आयोगाच्या यादीत सात किरणांची पेनची निब आहे. पण ती आणखी एकानं मागितली, चिठ्ठ्या टाकल्या आणि लेखणी गेली टँकरवाल्याकडे. साहेबांच्या वाट्याला ढोबळी मिरची. निर्मळला एका आजीनं पत्रक हातात घेऊन विचारलं, "किलो कशी दिलीस रे बाबा?"

पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापायची कायद्याने सक्ती आहे. बाकीच्यांना ती जाच वाटते. साहेबांचं नाव एकाच कागदावर तीनदा येतं, आणि हा एक कायदा त्यांना मनापासून पटतो. मग कळतं की उमेदवारानं स्वतःच्याच पत्रात स्वतःची जाहिरात केली, तर पैसे दिले नाहीत तरी दरपत्रकाप्रमाणे खर्चात दाखवावी लागते. मग काय, साहेब रात्री बसून मुखपृष्ठाचा दर लावतात, जो आजवर कुणी दिलेला नाही. साप्ताहिकाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा जाहिरातदार. थकबाकीदारही तोच, आणि त्याला स्मरणपत्रं वेळेवर जातात.

निकालानंतरचा अंक मात्र चक्क वेळेवर निघतो. आत अग्रलेख : 'लोकशाहीचा खून!' मुखपृष्ठावर विजयी उमेदवाराचं हसरं, चौरंगी अभिनंदन. त्याचे पैसे रोख आलेले असतात.