14.2 किलो आणि उमरेड रोड

घरातली प्रत्येक वस्तू संपण्याआधी काहीतरी सुचवते. तेलाच्या बरणीचा तळ दिसतो, तिखटाच्या डब्यात चमचा खडखडतो, टूथपेस्ट तर शेवटचे पंधरा दिवस मान पिरगाळून घेतच जगते. गॅसचं सिलेंडर मात्र पक्कं आतल्या गाठीचं. भरलेलं असो की तळाला गेलेलं, ज्योत तेवढीच निळी, तेवढीच ताठ. आणि मग कढईत वडे पोहत असताना एकदम फुस्स.

यात सिलेंडरची लबाडी काही नाही, हे मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे सांगू शकते. आत प्रोपेन आणि ब्युटेन पातळ रूपात असतात, वरच्या मोकळ्या जागेत त्यांची वाफ. आपण जाळतो ती वाफ. जाळू तशी खालून नवी तयार होते, आणि तिचा दाब ठरतो तापमानावर. खाली माल किती उरलाय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्यावर रेग्युलेटर हा दाब उतरवून शेगडीला एकसारखा पोचवतो. म्हणजे आत 14 किलो आहे की अर्धा, हे खुद्द शेगडीला कळत नाही. नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्यात मात्र ते सगळ्यांना कळतं.

आमच्या घरातले मालक ठोकपंथी आहेत. बोटाच्या पेरानं सिलेंडरवर वरून खाली टकटक करत जातात, डोळे मिटतात आणि ‘अजून आठ दिवस’ असं जाहीर करतात. गेली कित्येक वर्षं हा आकडा आठच आहे. शेजारच्या काकू हलवपंथी. सिलेंडर दोन्ही हातांनी धरून अशा गदगदा हालवतात की अंगात आलेल्या बाईला उतारा द्यावा. समोरच्या घरातल्या आजोबांचा भरवसा नाकावर. गॅस संपत आला की वास उग्र होतो म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यात तथ्य आहे: गळती कळावी म्हणून घातलेलं ते वासाचं द्रव्य, मर्कॅप्टन, लवकर उडत नाही, तळाशी राहिलेल्या मालात त्याचं प्रमाण वाढत जातं. पण वास आला की आधी नळी आणि रेग्युलेटर बघावं, भविष्य नंतर सांगावं.

मी ओल्या फडक्याची. सिलेंडर ओल्या फडक्यानं पुसायचं. जिथवर पातळ गॅस आहे तिथवरचा पत्रा गार राहतो, पाणी उशिरा वाळतं. वरचा भाग आधी कोरडा होतो. मधे जी रेघ दिसते ती पातळी. शास्त्र एकदम चोख. अडचण एवढीच की मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर गेला की फडकं बादलीतून सिलेंडरपर्यंत जाईतो अर्धं वाळतं, आणि पावसाळ्यात सिलेंडरच काय, त्यामागची भिंतही ओलीच असते. हे शास्त्र आमच्याकडे दिवाळी ते संक्रांत चालतं.

खरा मार्ग वजनाचा. सिलेंडरच्या गळ्याशी जी पट्टी असते तिच्यावर रिकाम्या सिलेंडरचं वजन कोरलेलं असतं, पंधरा-सोळा किलोच्या आसपास. आजचं वजन करायचं, त्यातून ते वजा करायचं, उरेल तो गॅस. त्याच बाजूला ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ती पुढच्या तपासणीची तारीख. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. गल्लीतल्या एका गृहस्थांनी आपल्या सिलेंडरवर डी वाचून ‘आपल्या भागाले मुद्दाम डी ग्रेडचा गॅस देऊन राहिले’ अशी मोहीम उघडली होती. सह्याही बऱ्यापैकी जमल्या.

तर मी न्हाणीघरातला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला, आणि रोज सिलेंडर त्यावर चढवून वहीत आकडे मांडू लागले. सासूबाई देवघरातून बघत होत्या.

“काहून वं बाई, रोज तोलून राहिली? इकायचं हाय का?”

मी त्यांना गणित समजावलं. मोठा बर्नर पूर्ण उघडला तर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस खातो. त्या हिशेबानं 14.2 किलोचे होतात 95 तास. दोन्ही बर्नर मिळून दिवसाला तीन तास धरले की सिलेंडर महिनाभर पुरतं. गणित बरोबर आहे, आजही बरोबर आहे. फक्त त्यातलं घर समुद्रातल्या बेटावर असावं लागतं, आणि आमचं आहे उमरेड रोडला लागून.

उमरेड, भिवापूर, पवनी या बाजूचा माणूस नागपुरात शिरतो तो दिघोरीवरून सक्करदऱ्यात. मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, इथून जवळ. त्यामुळे तिकडच्या कुणाचाही गुडघा दुखला की तो मेडिकलच्या ओपीडीत जायच्या आधी आमच्या शेगडीवर येतो. ‘बसत नाई, फक्त चहा घेतो’ म्हणून आलेला माणूस चहा घेतो. मग रिपोर्ट उद्या मिळणार असं कळतं. मग आंघोळीचं पाणी. मग, आता राहिलेच आहात तर पाटवडी-रस्सा करू, असं कुणीतरी म्हणतं. हे कुणीतरी नेहमी मालकच असतात. डाळीचं पीठ शिजवून थापायचं, मसाला काळपट होईस्तोवर भाजायचा, रश्श्याला तर्री सुटायची वाट बघायची. दीडशे ग्रॅम तासाला, आणि तास कोण मोजतंय?

सासूबाई मोजत होत्या. त्यांची नोंदवही म्हणजे कालनिर्णय. नवं सिलेंडर लागलं की त्या तारखेच्या चौकोनात ‘गॅस लावला’, आणि खालच्या चौकोनांत बारीक अक्षरात ‘भिवापूरचे. तिघं.’ ‘पवनीची मामी, पथ्याचं.’ ‘उमरेडचे, मुक्काम.’ जुनी कालनिर्णयं त्या टाकत नाहीत, ट्रंकेत ठेवतात. मी एकदा ती काढून चाळली. आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या दुखण्यांचा इतका शिस्तीत ठेवलेला इतिहास मेडिकलमध्येही नसेल. मी किलो मोजत होते, त्या माणसं मोजत होत्या, आणि नव्या सिलेंडरसाठी नंबर कधी लावायचा हे त्यांनी सांगितलं की त्यानंतर दोन-तीन दिवसांत सिलेंडर संपायचं.

डिसेंबरचा त्यांचा वेगळा भाव असतो. थंडीत गॅस कमी पुरतो याला शास्त्र आहे: नळाचं पाणी गार, तापायला जास्त वेळ; शिवाय ब्युटेन शून्याच्या जरासं खालीच उकळतं, प्रोपेन उणे 42 अंशांना, म्हणून हलका प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटी उरलेला जड माल थंडीत आळसावतो. सासूबाईंचं कारण निराळं. “अधिवेशन हाय ना!” 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळ दरवर्षी एकदा इकडे येतं, आणि त्याच्यामागून मोर्चे येतात. आमचा एक भाचा विनाअनुदानित शाळेवर शिक्षक आहे. तो दिवसभर यशवंत स्टेडियमकडे घोषणा देतो, आणि बसलेल्या घशाला गुळण्यांसाठी रात्री मीठ-पाणी उकळत ठेवतो. सोबत त्याच्यासारखे आणखी चार घसे असतात. करारात सिलेंडरबद्दल एक ओळ नाही.

सप्टेंबर 2012 मध्ये केंद्र सरकारनं सवलतीची सिलेंडरं वर्षाला 6 केली. म्हणजे एक दोन महिने पुरवायचं. सासूबाईंनी बातमी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, “दिल्लीले कोणी पाव्हणा जात नाई वाटते.” चारच महिन्यांत 6 ची 9 झाली. “गेला वाटते कोणी,” त्या म्हणाल्या. 2014 मध्ये 12 झाली तेव्हा नुसत्या हसल्या.

संपत आलेलं सिलेंडर आडवं करणं, ऊन पाण्याच्या परातीत बसवणं हे उद्योग आमच्याकडे बंद आहेत. आडव्या सिलेंडरमधून वाफेऐवजी पातळ गॅस नळीत येऊ शकतो, आणि मग पोळीपेक्षा मोठी गोष्ट भाजते. इंडियन ऑइलनं 2021 मध्ये फायबरचं, 10 किलोचं सिलेंडर काढलं. उजेडात धरलं की त्यातली पातळी दिसते. मी ते घ्यावं म्हटलं. मालकांनी विरोध केला. त्यावर ठोकून आवाज नीट येत नाही म्हणे.

गेल्या वर्षी आमचा पुतण्या अमेरिकेतून व्हिडिओवर आला. त्यानं सुट्टीसाठी मोटरहोम भाड्यानं घेतलं होतं. चाकांवरचं घर, त्यात बिछाना, मोरी, ओटा, सगळं. शेगडी प्रोपेनवर, आंघोळीचं पाणी प्रोपेनवर, खोली गरम करायचा हीटर प्रोपेनवर, आणि फ्रिजसुद्धा प्रोपेनवर.

“आग लावून थंड करतेत?” सासूबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, हो, अमोनियाच्या चक्रावर चालतो तो. त्यांनी मान हालवली. अमेरिकेबद्दल त्यांना जे वाटत होतं त्याच्याशी हे जुळत होतं.

पुतण्याला विचारायचं होतं ते हेच, की हे पुरेल किती. काट्यावर फक्त एक तृतीयांश, दोन तृतीयांश अशा खुणा, आणि त्याही भरवशाच्या नाहीत. त्याच्याकडे नऊ किलोचं नळकांडं होतं. मी वही काढली: हीटर मोठा असेल आणि सलग चालवला तर चौदा तासांत संपेल, पण तो अधूनमधून बंद होतो, म्हणून बाहेरचं तापमान किती, फ्रिज वीजजोडणीवर चालतो का, आंघोळी किती...

“त्याले द्या फोन,” सासूबाई म्हणाल्या. “काय रे, संग कोण कोण हाय?”

“आम्ही दोघंच, आजी.”

“मंग पुरते.”

“उद्या शिकागोचे मित्र येणार आहेत पण. चौघं. एक रात्र फक्त.”

“मुक्काम?” आजींनी चष्मा सारखा केला. “आजच नंबर लाव.”